न धाडलेला मुराळी

रतनबाईनं दुपारपासून तिसऱ्यांदा लुगडं बदललं, तेव्हा नातीला राहवलं नाही.

"आजी, आपण पिक्चर बघायला चाललोय. तोही एका जजवरचा. लग्नाला नाही चाललो."

"तू गप गं. एवढ्या मोठ्या मानसाच्या कार्यक्रमाला काय गोनपाट गुंडाळून जाऊ? लोकं म्हनतील, हिनंच जिंकली व्हती का केस?"

सृष्टी हसली आणि गाडीची किल्ली बोटात फिरवत ओसरीवर जाऊन बसली. आठवडाभर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून बसायची सवय असलेली पोरगी; तिला वाट बघण्याचं काही वाटत नसे. रतनबाईनं शेवटी जांभळी इरकल नेसली, बोरमाळ घातली आणि पदर चारदा सारखा केला. मोई गावात तिच्या जिभेला सगळी आळी वचकून असायची. मुलगा गोरक्ष चाकणच्या कंपनीत सुपरवायझर होता, पण घरात सुपरवायझर एकच, हे त्यालाही मान्य होतं. अशी बाई तीन-तीन लुगडी बदलते म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय, एवढं सृष्टीला कळलं होतं. कुठं, ते मात्र रतनबाईनं कुणाला सांगितलं नव्हतं.

कार्यक्रम माळेवाडीला होता. चाकणच्या अलीकडं, हायवे सोडून आत. माळेवाडी रतनबाईचं माहेर. तिथं आता सात-आठ टोलेजंग इमारतींची सोसायटी झाली होती आणि त्याच सोसायटीत तिचा धाकटा भाऊ सोनबा राहत होता. भावाबहिणीनं एकमेकांशी बोलून तेहतीस वर्षं झाली होती.

सोनबा आज तिथं येईल का, आणि आला तर तोंडातून एक शब्द तरी काढील का, एवढ्यासाठी ती लुगडी होती.

जज साहेब म्हणजे उद्धवराव हिरवे. पुढं हायकोर्टात न्यायमूर्ती झाले. कामगारांच्या बाजूनं, बायकांच्या बाजूनं निकाल दिले, पेपरात नाव गाजलं, लोकांनी डोक्यावर घेतलं. दोन वर्षांपूर्वी वारले. पण रतनबाईनं त्यांना पाहिलं ते खेडच्या कोर्टात, अगदी नवे असताना. बारीक मिशी, आणि आवाज इतका हळू की पट्टेवाल्याला कधी "शांतता" म्हणून ओरडावं लागलं नाही. माणसं आपसूकच गप्प होऊन कान द्यायची.

त्यांच्यावर माहितीपट काढणारा प्रीतम वर्षापूर्वी कॅमेरा घेऊन मोईला आला होता. रतनबाईनं त्याला दारातच विचारलं, "कुनाचा तू? जेवलास का?" आणि मग दोन तास बोलली.

गोष्ट साधीच होती. वडील वारले त्या वर्षी सोनबा मोईला आला. म्हणाला, आक्का, विहिरीच्या मोटारीचं कनेक्शन माझ्या नावावर करायचंय, सगळ्या वारसांचे अंगठे लागतात. खेडला नेलं. कसल्याशा हापिसात गर्दीत उभं केलं, अंगठा शाईत बुडवला, कागदावर टेकवला. परतताना स्टँडवर भेळ खाऊ घातली. सहा महिन्यांनी रतनबाईचे मालक उतारा काढायला गेले, तर सातबाऱ्यावर तिचं नावच नाही. तो अंगठा मोटारीचा नव्हता, हक्कसोडीचा होता.

आता बहिणीनं भावाला हक्कसोड लिहून देणं यात नवल काही नव्हतं. सगळ्याच देत. भाऊ मागायचा, बहीण द्यायची, भाऊ साडीचोळी करायचा आणि माहेरचं दार उघडं राहायचं. रतनबाईनंही दिली असती, एका शब्दावर. पण तो शब्दच तर त्यानं टाकला नव्हता. शिवाय तिला सही येत होती. दुसरीपर्यंत शिकली होती ती. तिसरीत जायच्या आधी घरात सोनबा जन्मला आणि त्याला काखेला मारायला आईला कुणीतरी हवं होतं, म्हणून पाटी गेली माळ्यावर. ज्याच्यापायी शाळा सुटली, त्यानंच सही येणाऱ्या बाईचा अंगठा घेतला. न मागता. फसवून.

"मागितलं असतं तर दिलं असतं," हे तिनं जन्मात इतक्यांदा म्हटलं होतं की घरातल्या लहान पोरांनाही पाठ झालं होतं.

केस तीन वर्षं चालली. हिरवे साहेबांनी ती हक्कसोड रद्द केली, रतनबाईचं नाव उताऱ्यावर परत लावलं. त्या काळात भावाला कोर्टात खेचून जिंकलेली बाई पंचक्रोशीत दुसरी नव्हती. बायका तिला वळून वळून बघायच्या. ती ताठ मानेनं चालायची.

आणि त्याच वर्षी दिवाळी आली.

दिवाळीला लेकीला माहेरी न्यायला कुणीतरी यावं लागतं. भाऊ, नाहीतर भाचा. त्याला मुराळी म्हणायचं. मुराळी आल्याशिवाय लेकीनं आपण होऊन माहेरची वाट धरायची नाही. धरली तर लोक विचारतात, सासरी काय बिनसलं? त्या दिवाळीला रतनबाईनं तळणाची चूल ओसरीवर मांडली. म्हणे, आत धूर कोंडतो. ओसरीवरून थेट इंद्रायणीच्या पुलापर्यंतचा रस्ता दिसायचा. मालकांच्या ध्यानात आलं, त्यांनी सरपण ओसरीवर आणून टाकलं. पाडवा गेला, भाऊबीज गेली. पुलावरून कुणी आलं नाही. पुढं गॅस आला, मालक गेले, सून आली, तरी दिवाळीचं तळण ओसरीवरच. तेहतीस दिवाळ्या. कुणी विचारलं तर म्हणायची, "मला मोकळ्यावर बरं वाटतं."

मधे एकदा आई गेली तेव्हा ती माळेवाडीला जाऊन आली. माती झाली, माणसं पांगली. सोनबा खाली मान घालून उभा होता. "थांब" म्हणाला नाही. ती पाणीही न पिता परतली. पुढं जमिनीला सोन्याचा भाव आला आणि दोघांनीही आपापला हिस्सा विकला. एकाच बिल्डरला, वेगवेगळ्या दिवशी, एकमेकांचं तोंड चुकवून.

सोसायटीच्या गेटवर सिक्युरिटीवाल्यानं गाडी अडवली. "कुठल्या फ्लॅटला जायचंय? नाव सांगा."

"फ्लॅटला नाही, क्लब हाउसला," सृष्टी म्हणाली.

"तरी ओळखीचं कुणीतरी सांगा. ॲपमध्ये टाकावं लागतं."

रतनबाईनं काच खाली केली. "ही दगडं उभी केलीत ना, त्याच्याखाली माझी बाजरी व्हती. टाक ॲपमदी."

सृष्टीनं घाईघाईनं धनेश दादांचा नंबर दिला. हा धनेश कुठल्याशा गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर होता आणि सोसायटीचे गणपती, हळदीकुंकू, असले कार्यक्रम हौसेनं भरवायचा. तो धावतच आला, हातात गुच्छ. "या, या, आजी! आजच्या खऱ्या पाहुण्या तुम्हीच."

पाहुण्या. रतनबाईला तो शब्द दाताखाली खड्यासारखा लागला. माहेरच्या मातीत आपल्याला पाहुणी म्हणायला हा कोण? पण तिचं लक्ष हॉलमध्ये होतं. पन्नास-साठ खुर्च्या, भिंतीवर पांढरा पडदा, कोपऱ्यात समोशांचा वास. तरुण जोडपी, त्यांची पोरं, दोन-चार पेन्शनर. सोनबा कुठं दिसला नाही.

तिला पहिल्या रांगेत बसवलं. पहिल्या रांगेचा तोटा असा की मागं बघायला मान वळवावी लागते, आणि रतनबाई मान वळवणारी बाई नव्हे. तरी तिनं पदर सावरण्याच्या निमित्तानं दोनदा, आणि नातीशी बोलण्याच्या निमित्तानं एकदा मागं पाहिलं.

तिसऱ्या वेळी तो दिसला. दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर बसत होता. पांढरी टोपी तीच, पण टोपीखालचा माणूस निम्मा झालेला. हातात काठी. काठी कधी लागली याला? खुर्चीवर टेकताना त्यानं आधी गुडघा धरला, मग हळूच अंग सोडलं. हा तिच्यापेक्षा सात वर्षांनी लहान. तिचे गुडघे अजून शाबूत होते.

त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. पडद्याकडं बघत राहिला, अजून तिथं काही नसताना.

"आजी, काय गं? रडतीयस?"

"पंख्याचं वारं लागतंय डोळ्याला. गप बस."

दिवे मालवले, माहितीपट सुरू झाला. हिरवे साहेबांचं गाव, त्यांची शाळा, काळ्या कोटातला तरुण फोटो. रतनबाईनं तो फोटो पाहिला आणि हात जोडले. कारखान्यातून काढून टाकलेली माणसं बोलली, एक नर्स बोलली, एक म्हातारा साहेबांचं नाव घेताच हुंदके द्यायला लागला. आणि मग पडद्यावर एकदम रतनबाईचंच तोंड आलं. भिंतीएवढं.

सगळं तिनं सांगितलं होतं तसंच होतं. मोटार, अंगठा, भेळ. लोक भेळेला हसले. मग पडद्यावरची रतनबाई पुढं झुकली, डोळे बारीक करून म्हणाली, "भाऊ? भाऊ गेला उडत. माझं काय आडलंय त्याच्यावाचून? त्यानं पालखी धाडली तरी मी त्याच्या दारात पाय ठेवनार न्हाई!"

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. कुणी शिट्टीही मारली.

पहिल्या रांगेतल्या रतनबाईचे कान तापले. हे बोलली तेव्हा समोर प्रीतम होता, त्याचा कॅमेरा होता, आणि कौतुकानं बघणारं कुणी असलं की तिची जीभ नेहमीच चार पावलं पुढं पळायची. समोर सोनबा नव्हता. आज मागं सोनबा होता. सकाळपासून तो यावा म्हणून जीव टांगणीला लागला होता, आणि आता वाटत होतं, देवा, हा आला नसता तर बरं झालं असतं. मान वळवायची आता तर सोयच उरली नव्हती. तो उठून गेला असेल तर? दाराजवळच बसला होता.

तेवढ्यात पडद्यावर खुद्द साहेब आले. म्हातारे, खांद्यावर शाल, घरातल्या आरामखुर्चीत. मरणाच्या सहा महिने आधीचं चित्रीकरण, असं खाली लिहिलेलं सृष्टीनं हळूच वाचून दाखवलं. कुणीतरी त्यांना विचारलं, तुम्ही दिलेला कुठला निकाल अजून टोचतो?

साहेबांनी शाल सावरली. आवाज तसाच, हळू.

"खेडला दिलेला एक निकाल. निकाल बरोबरच होता. कागद फसवून केलेला, तो रद्द झाला, बाईंचा हिस्सा बाईंना मिळाला. पण त्याआधी मी बहीण-भावाला चेंबरमध्ये बोलावलं होतं. तडजोड होतेय का बघायला. दोघांना वेगवेगळं. बाईंना विचारलं, तुम्हाला नक्की काय हवंय? त्या म्हणाल्या, साहेब, जमिनीचं तुम्ही बघा. मला त्यानं दिवाळीला मुराळी धाडायला हवा. पण आपल्या मनानं. तुम्ही त्याला सांगू नका, हुकमाचा मुराळी मला नको."

रतनबाईनं खुर्चीची कड घट्ट धरली.

"मग भावाला बोलावलं. तो म्हणाला, जमीन न्यायची तर नेऊ दे. पण आता मी मुराळी धाडला तर लोक म्हणतील जमिनीसाठी बहिणीला गोंजारतोय. तिलाही तसंच वाटायचं. घर तिचंच आहे, साहेब. तिनं आपण होऊन यावं. मी दारात उभा राहीन. पण हे तिला कळता कामा नये."

साहेबांनी चष्मा काढला, शालीच्या टोकानं पुसला.

"मी नवा होतो. विश्वासानं सांगितलेलं बाहेर बोलायचं नाही, हे पाठ केलेलं. नाही बोललो. निकाल लिहिला, बदली झाली, निघून गेलो. पुढं लोकांनी पुष्कळ हार घातले. पण दिवाळी जवळ आली की ते दोघं आठवतात. एक वाक्य इकडून तिकडं पोचवायचं होतं. तेवढं माझ्याच्यानं झालं नाही."

पुढं माहितीपटात काय होतं ते रतनबाईला कळलं नाही. तिच्या डोळ्यापुढं खेडचं ते चेंबर होतं. ती बाहेर पडताना दारात सोनबा आत जायला उभा होता. दोघांची अंगं घासली असतील नसतील. तिनं मान फिरवली होती.

दिवे लागले. धनेश माइक घेऊन पुढं आला. "मंडळी, आता चर्चा करू. मोकळेपणानं बोला."

दादासाहेब नावाचे एक रिटायर्ड वकील पहिले उठले. "साहेबांनी केलं ते शंभर टक्के बरोबर. चेंबरमधलं बाहेर सांगायला लागले तर उद्या जजसमोर तोंड कोण उघडेल? त्यांनी तत्त्व पाळलं."

"तत्त्व पाळलं, हो," शाळेत शिकवणाऱ्या विजयश्री मॅडम बसल्या जागेवरून म्हणाल्या. "आणि दोन जित्या माणसांची तेहतीस वर्षं गेली. निकाल लागल्यावर तरी एक पोस्टकार्ड टाकायचं. त्याला काय कायदा आडवा येतो?"

"येतो, मॅडम."

"मग तसला कायदा काय कामाचा?"

दोघांची चांगली जुंपली. मागून कुणी म्हणालं, बहिणीनंच जायला हवं होतं. दुसरं म्हणालं, वा, चूक भावाची आणि जायचं बहिणीनं? प्रीतम एका बाजूला ओशाळून उभा होता. रतनबाईनं त्याला खुणेनं जवळ बोलावलं.

"हे मला आधी का न्हाई सांगितलंस रं?"

"आजी, साहेबांच्या घरच्यांनी ही टेप नंतर दिली. मला वाटलं, तुम्ही इथंच ऐकावं."

"तुला वाटलं!" ती म्हणाली. एरवी याच्यापुढं आणखी चार शब्द आले असते.

"आपण आजींनाच विचारू," धनेश म्हणाला आणि माइक तिच्या हातात दिला. "आजी, तुम्हाला साहेबांचा राग येतो का?"

रतनबाई उठली. माइक लाटण्यासारखा धरला.

"साहेबांचा राग? ते आसते तर आज त्यांच्या पाया पडले आसते. मी न्याव मागितला, त्यांनी दिला. मुराळी धाडायचं काम कोर्टाचं न्हाई. आन् ते म्हनले, एक वाक्य पोचवायचं व्हतं. आमाला काय तोंडं नव्हती? माझं तर चांगलं हातभर हाय. बघितलंत न्हवं मघाशी, भिंतीवर मावत नव्हतं."

लोक हसले. ती नाही हसली.

"ते मघाशी मी जे बोलले. पालखीचं. ते खोटं हाय. प्रीतम, ते काढून टाक त्यातनं."

"आता नाही काढता येणार, आजी."

"मग ऱ्हाऊ दे. पन खोटं हाय, समद्यांनी ध्यानात ठेवा."

तिला पुढं बोलायचं होतं. एवढ्यात मागं खुर्ची सरकली आणि काठीचा आवाज आला. टक, टक. दार त्याच्या शेजारीच होतं, तरी आवाज दूर जात नव्हता. जवळ येत होता. तिनं मान वळवली नाही.

"आजोबा, तुम्हालाही बोलायचंय का?" हाच तो भाऊ, हे धनेशला ठाऊक नव्हतं. "काही विचारायचंय?"

"व्हय," सोनबा म्हणाला. "ईचारायचंय."

तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. टोपी काढून हातात घेतली, जशी साहेबांपुढं घेतली असेल.

"आक्का, घरी येतीस का?"

रतनबाईला वाटलं होतं, हा शब्द आला की आपण काय काय सुनावू. तेहतीस वर्षं घासूनपुसून ठेवलेलं होतं सगळं.

"कुठल्या घरी?" ती म्हणाली. "घर तर रस्त्यात गेलं म्हनं."

"हितंच. सी विंग. सातवा मजला."

"पायी?"

"लिफ्ट हाय."

कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. "वाजवताय काय?" रतनबाई माइकमध्ये ओरडली. "तमाशा हाय का? समोसे खावा जावा!" माइक धनेशच्या हातात कोंबून ती निघाली. सृष्टी उठायला लागली, मग आजीच्या तोंडाकडं पाहून पुन्हा बसली. "मी इथंच आहे, आजी. सावकाश ये."

लिफ्टमध्ये दोघंच. आरसा होता, दोघांनीही त्यात एकमेकांना चोरून पाहिलं.

"अंगठा का घेतलास रं?" रतनबाई म्हणाली. "सही येत व्हती मला. तुला ठावं व्हतं."

"म्हनूनच. सही करायला लावली आसती तर तू आधी वाचलं आसतंस. एकेक अक्षर लावून. तू तशीच."

"आन् मागायला काय धाड भरली व्हती? मागितलं आसतं तर दिलं आसतं."

"तेच तर." सोनबा मजल्यांच्या पळत्या आकड्यांकडं बघत होता. "दिलं आसतंस. माझ्यापायी तुझी शाळा सुटली, हे आय मरेस्तवर म्हनत व्हती. आता परत तुझ्याम्होरं उभं ऱ्हाऊन जमीनबी मागायची म्हंजे... लाज वाटली, आक्का. चोरायला सोपं गेलं."

लिफ्ट थांबली. दार उघडलं. रतनबाई त्याच्या काठीमागं चालत बाहेर पडली.

फ्लॅटचं दार सोनबाच्या सुनेनं उघडलं. करिष्मा तिचं नाव, हे रतनबाईला ऐकून माहीत होतं, लग्नाला काही ती नव्हती. करिष्मानं जांभळी इरकल पाहिली, बोरमाळ पाहिली, सासऱ्याकडं पाहिलं.

"माझी आक्का," सोनबा म्हणाला.

"अगं बाई! आत्या? या ना, या, बसा." ती गडबडली. सोफ्यावरचे कपडे उचलले, पंखा लावला. रतनबाई सोफ्याच्या कडेवर टेकली. भिंतीवर मंजुळाचा, सोनबाच्या बायकोचा, हार घातलेला फोटो होता.

"मंजुळा गेली तवा निरोप धाडला न्हाईस."

"मोईच्या फाट्यापत्तुर फ्लेक्स लावलं व्हतं की, आक्का."

"लावलं व्हतंस. रिक्षातनं बघितलं मी. फ्लेक्स वाचून मातीला यायचं आसतं व्हय रं? भावजय व्हती माझी."

तेवढ्यात करिष्मा ट्रे घेऊन आली. काचेच्या ग्लासात पाणी, बशीत बिस्किटं, शेजारी कागदी रुमाल. नीट, चौकोनी, पाहुण्यांपुढं ठेवतात तसं. "चहा घेणार ना आत्या? की सरबत करू?"

रतनबाईनं त्या ट्रेकडं पाहिलं. माहेर म्हणून इतकी वर्षं जे तिच्या डोळ्यापुढं होतं, त्यातलं इथं काहीच नव्हतं. ना आई, ना तो उंबरा, ना चुलीपुढं पाय पसरून बसायची जागा. सातव्या मजल्यावरची एक खोली, एक अनोळखी पोर, आणि तिच्या हातातलं आदराचं पाणी. पाणी घेऊन बिस्कीट मोडावं आणि "येते" म्हणावं, एवढंच उरलं होतं. तेवढं केलं तर उद्यापासून ती इथली पाहुणी झाली, कायमची.

ती उठली.

"सरक गं, पोरी. स्वैपाकघर कुठंय?"

"अहो आत्या, तुम्ही बसा ना, मी करते..."

"माहेरात लेकीच्या हातात ट्रे देत न्हाईत. सरक."

स्वयंपाकघरात सगळी कपाटं बंद, एकासारखं एक. कुठलं दार ओढलं की काय निघेल, कळेना. एका दाराआड गॅसची टाकी निघाली, दुसऱ्याआड कचऱ्याचा डबा. करिष्मा दारात उभी, पुढं होऊ की नको अशी.

"पावडर कुठं ठिवलीस गं?"

"वरच्या कप्प्यात, डाव्या हाताला," बाहेरून सोनबाचा आवाज आला.

पातेलं सापडलं. पाणी ठेवलं. पावडर टाकली. साखरेच्या डब्यात चमचा घातला आणि तिचा हात तिथंच थांबला. याला तिनं काखेला मारून वाढवलं होतं, खरकटं तोंड पदरानं पुसलं होतं, आणि हा चहा कसा पितो हे तिला ठाऊक नव्हतं.

"सोन्या, साखर किती रं तुला?"

बाहेर काठी फरशीवर टेकली.

"घालू नगं," मग तो म्हणाला. "साखर निघाली हाय. धा-बारा वर्सं झाली."

तिनं चमचा डब्यात परत ठेवला. झाकण लावलं.

"दूध?"

"चालतंय."

"आलं?"

"घाल थोडं."

"गुडगा कंचा दुखतो?"

"डावा. थंडीत दोनी."

चहा वर आला. रतनबाईनं गॅस बारीक केला. अजून बरंच विचारायचं राहिलं होतं.